पहाटे धावावे की संध्याकाळी? सुरक्षिततेच्या अंगाने एक तुलना

नोकरी किंवा शिक्षण सांभाळून धावणाऱ्यांच्या हाती दिवसाचे दोनच तुकडे लागतात: एक उजाडण्याच्या आसपासचा आणि दुसरा दिवेलागणीच्या सुमाराचा. त्यांतला कोणता निवडावा, याची चर्चा बहुधा वजन, झोप आणि उत्साह यांभोवतीच फिरते; सुरक्षिततेचा विचार एखादी गाडी अगदी अंगाला घासून गेल्यावर सुरू होतो. वास्तविक या दोन वेळांमधला मूळ फरक साधा आहे. सकाळी प्रकाश आणि उष्णता दोन्ही वाढत जातात, तर संध्याकाळी दोन्ही उतरत जातात. म्हणजे प्रकाशाच्या बाबतीत पहाट आपल्या बाजूने असते आणि उष्णतेच्या बाबतीत संध्याकाळ. आपल्या मार्गावर आणि चालू ऋतूत या दोहोंपैकी कशाचा धोका अधिक, हे नक्की केले की निवड बरीचशी सोपी होते.

रस्त्यावर धावणाऱ्याला प्रकाशाची बाजू आधी तपासावी लागते, कारण त्याची खरी गाठ वाहनांशी असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाला आपण दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ती २५ मीटर पुढे आलेली असते आणि वेग कमी व्हायला त्यानंतर कुठे सुरुवात होते. त्यामुळे आपण किती दुरून दिसतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पहाटे घरातून निघायला दहा मिनिटे उशीर झाला, तर त्या दहा मिनिटांत उजेड वाढलेलाच असतो. संध्याकाळी मात्र तोच उशीर, किंवा ‘आणखी एक फेरी मारू’ हा मोह, आपल्याला थेट अंधारात नेऊन सोडतो.

अंधाराचा एक फटका मला स्वतःला बसलेला आहे. संध्याकाळच्या परतीच्या वाटेवर समोरून आलेल्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर पडला, दोन-तीन सेकंद काहीच दिसेना, आणि रोज चुकवत असलेल्या खड्ड्यात नेमका त्याच वेळी पाय जाऊन मुरगळला. अंधाराला डोळे पूर्णपणे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि तो सराव एका झोताने क्षणात मोडतो. पहाटेच्या अंधारातही हे घडू शकते. पण तेव्हा रहदारी विरळ असल्यामुळे असे झोत कमी वेळा अंगावर येतात.

अर्थात विरळ रहदारी म्हणजे सुरक्षित रहदारी नव्हे. मोकळा रस्ता पाहून चालक वेग वाढवतात, आणि रात्रभर गाडी चालवत आलेल्या माणसाची झोप पहाटेच्या आधीच्या तासांत सर्वाधिक अनावर होते. उलट संध्याकाळी वाहने पुष्कळ असली, तरी गर्दीमुळे त्यांचा वेग मंद असतो. रात्र चढत जाईल तसा मद्यपान केलेल्या चालकांचा धोका वाढतो, तो वेगळाच. या एका मुद्द्यावर मला दोन्ही वेळा सारख्याच वाटतात.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे, हा नियम दोन्ही वेळांना लागू आहे. पण त्यात एक बारकावा आहे. सूर्य क्षितिजालगत असताना आपली लांब सावली आपल्या पुढे पडत असेल, तर सूर्य आपल्या पाठीशी आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांत असतो. आपल्याला चालक स्वच्छ दिसतो आणि त्याला आपण दिसत नाही. सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे जाताना हे घडते. म्हणून तोच गोल मार्ग दोन वेळांना उलटसुलट दिशेने घ्यावा लागतो.

कपड्यांच्या निवडीतही वेळेप्रमाणे फरक पडतो. भडक पोपटी किंवा नारिंगी फ्लोरोसेंट रंग अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करून उठून दिसतो. त्यामुळे तो संधिप्रकाशात उत्तम, पण रस्त्यावरच्या दिव्यांखाली त्याचा हा गुण संपतो. पूर्ण अंधारात रिफ्लेक्टिव्ह पट्ट्याच हव्यात, कारण त्या हेडलाइटचा प्रकाश जिथून आला तिकडे परत पाठवतात. या पट्ट्या नुसत्या छातीवर लावण्यापेक्षा घोटे आणि गुडघे यांवरही लावाव्यात. हलणारे पाय दिसले की हा माणूस आहे, हे चालकाला लवकर उमगते. संध्याकाळी धावणाऱ्याला दोन्ही लागतात, कारण तो उजेडात निघून अंधारात परततो.

उष्णतेचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. हवेचे तापमान साधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असते, पण सापेक्ष आर्द्रता त्याच वेळी सर्वाधिक असते आणि घाम सुकत नाही. संध्याकाळी ऊन नसते, तरी दिवसभर तापलेले डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहते. अर्धा-पाऊण तास धावणाऱ्याला याचा फारसा फरक पडणार नाही. दोन तासांहून अधिक धावणाऱ्याने उन्हाळ्यात अगदी पहाटे सुरुवात करून ऊन चढण्याआधी संपवणेच शहाणपणाचे, कारण थकव्याचा शेवट वाढत्या उन्हात होणे हे सर्वांत वाईट. बोलणे असंबद्ध होणे आणि तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तशा वेळी वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती पोहोचेपर्यंत अंग थंड पाण्याने गार करत राहावे.

हवेचेही असेच दुहेरी गणित आहे. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूर-धूळ खालीच साचते; त्यामुळे ‘पहाटेची शुद्ध हवा’ गर्दीच्या शहरात पुष्कळदा नावालाच शुद्ध असते. उन्हाळ्यात उलट दुपार ते संध्याकाळ ओझोन, म्हणजे जमिनीलगत साचून श्वासाला त्रास देणारा वायू, वाढलेला असतो. गडगडाटी पाऊसही जमिनीवर बहुधा दुपारनंतर होतो. मेघगर्जना ऐकू आली की आडोसा गाठावा आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

शरीराचे अंतर्गत तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळकडे सर्वाधिक असते. म्हणून सकाळी दहा मिनिटे चालून मगच वेग घ्यावा. संध्याकाळी पाच मिनिटेही पुरतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी संध्याकाळच्या धावण्यानंतर रात्री झोपेत साखर उतरू शकते, हे ध्यानात ठेवून डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

राहिला एकटेपणाचा प्रश्न. पहाटे रस्ता ओस असतो, कुत्र्यांचे टोळके अंगावर आले किंवा कोणी पाठलाग केला तर हाक ऐकायला माणूस नसतो. संध्याकाळी दुकाने उघडी असतात, येणारे-जाणारे असतात. एकट्याने, विशेषतः स्त्रीने एकटीने धावताना, मी या मुद्द्याला प्रकाशाइतकेच वजन देईन आणि मार्ग निर्जन असेल तर संध्याकाळकडे झुकेन. सोबत मिळत असेल तर मात्र पहाटच निवडेन, तीही तांबडे फुटल्यानंतरची. ज्यांना संध्याकाळशिवाय इलाज नाही, त्यांनी लांब मार्ग सोडून दिव्यांच्या उजेडातले मैदान किंवा घराभोवतीची लहान फेरी धरावी, एक कान इअरफोनविना मोकळा ठेवावा आणि हेडलॅम्प (कपाळावर बांधायचा दिवा) निघण्यापूर्वीच लावून पाहावा. तो विझतो तो नेमका परतीच्या वाटेवर.