नायट्रिक ऑक्साईडची पावडर महिनाभर घेतली, त्याचा रिव्ह्यू

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सप्लिमेंटच्या दुकानातनं आणलेला डबा आहे, दीडशे ग्रॅम, पाच ग्रॅमचा स्कूप, म्हणजे बरोब्बर महिन्याचा माल, आणि किंमत अडीच हजाराच्या आतबाहेर. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तिथंच चार-पाच कंपन्यांचे डबे उलटेपालटे करून बघितले, सगळ्यांची लेबलं एकाच वळणाची, त्यामुळं एकाला धरून काय उपयोग नाही. दुकानातला पोरगा बोलायला लई भारी. "काका, शिरा मोकळ्या होतात, वय दहा वर्षं मागं जातंय, तालमीतली पोरं पण हेच नेतात." तालमीतली पोरं विशीतली असतात भावा, त्यांचं वय मागं नेऊन काय करायचं.

माझी केस सांगतो म्हणजे अंदाज येईल. पन्नाशी उलटलेली, बीपी बॉर्डरला, गोळी अजून चालू नाही, घरात मशीन आहे.

आधी चव. मातीत लिंबू पिळल्यासारखी. बीटाचा तो मातकट वास कुठल्याच फ्लेवरनं झाकत नाही, गार पाण्यात नाक न लावता एका दमात प्यायची. आणि लघवीला लालसर रंग आला तर घाबरून दवाखाना गाठू नका, काही जणांना बीटानं तसं होतंच, आमच्या हिला मी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता डब्यात असतंय काय. नायट्रिक ऑक्साईड नसतंय, एवढं पक्कं. तो गॅस आहे, शरीरात तयार झाला की काही सेकंदांत संपतो, डब्यात भरून कोण देणार. डब्यात असतो कच्चा माल, बीटाची पावडर आणि एल-आर्जिनिन, एल-सिट्रुलिन ही अमिनो आम्लं. त्यातनं शरीर स्वतः तो गॅस बनवतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते, बीपी थोडं उतरतं. हे विज्ञान खोटं नाही, 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना ह्याच कामासाठी मिळालंय. अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, झालेल्या माणसाला जिभेखाली गोळी देतात ना, ती पण ह्याच वाटेनं काम करते. दुकानदार नोबेलपर्यंत बरोबर सांगतो, तिथनं पुढं दीर्घायुष्यावर उडी मारतो ती मात्र हवेतच राहते, कारण ही पावडर घेऊन माणसं जास्त वर्षं जगली असं दाखवणारा एकही अभ्यास नाही. आणि डब्याच्या पुढं मोठ्या अक्षरात 'लाँजिव्हिटी' आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात औषधी वापरासाठी नाही, हे दोन्ही एकाच डब्यावर, वा रे वा.

माझा खरा राग लेबलवर आहे. कुठली वस्तू किती मिलिग्रॅम ते लिहिलेलंच नाही, सगळं मिळून 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून एक आकडा. आता हिशोब करा, अभ्यासांत सिट्रुलिन दिवसाला तीन ते सहा ग्रॅम वापरतात, इथं अख्खा स्कूपच पाच ग्रॅमचा, त्यात बीट, आर्जिनिन, फ्लेवर, गोडवा सगळं कोंबलेलं, मग सिट्रुलिन उरलं किती? बीटाचं पण तेच. लंडनमध्ये बीपीच्या पेशंटना रोज 250 मिली बीटाचा रस चार आठवडे दिला तेव्हा वरचं बीपी सात-आठ पॉइंटनं उतरलं होतं, पण त्या रसात नायट्रेट, म्हणजे बीटातला ज्यातनं हा गॅस बनतो तो घटक, चारशे मिलिग्रॅमच्या आसपास होतं. ह्या डब्यावर नायट्रेटचा आकडाच नाही.

माझं रीडिंग? सकाळचं तीन-चार पॉइंट खाली दिसलं. पण त्याच महिन्यात रंकाळ्याची फेरी पण वाढवली होती आणि जेवणातलं लोणचं-पापड बंद केलं होतं, त्यामुळं श्रेय पावडरला देणं अवघड आहे. दम, झोप, गुडघे, सगळं होतं तसंच. पंप वगैरे पोरं म्हणतात, व्यायामात स्नायू फुगल्यासारखे वाटणं, तसलं काय जाणवलं नाही, पण मी डंबेल पण मारत नाही म्हणा.

एक गोष्ट मात्र ह्या नादात वाचली ती कामाची निघाली. बीटातलं नायट्रेट पोटात जातं, रक्तातनं परत लाळेत येतं, आणि जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राईट करतात, त्याच्यानंतर गॅसचं काम होतं. म्हणजे तोंडातले जंतू मेले की पावडर बऱ्यापैकी वाया. दाताच्या डॉक्टरनं काही दिवसांसाठी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा, जंतू मारणारा माउथवॉश आपल्याकडं लोक वर्षानुवर्षं ओढत नेतात, आणि तो रोज वापरला की निरोगी माणसाचंसुद्धा बीपी दोन-तीन पॉइंटनं वर गेल्याचं अभ्यासात दिसलंय. आमच्या फेरीच्या ग्रुपमधले एक काका सकाळी पावडर आणि लगेच त्यावर माउथवॉश करत होते, अडीच हजार सरळ बेसिनमध्ये.

आता हे नीट वाचा. ग्रुपमधल्याच दुसऱ्या एका काकांना मागं ॲटॅक येऊन गेलाय, ते पण डबा मागवायला निघाले होते, त्यांना मी हात जोडून थांबवलं. ॲटॅक येऊन गेलेल्या पेशंटना आर्जिनिन रोज नऊ ग्रॅम देऊन अमेरिकेत ट्रायल केली होती, 2006 मध्ये छापून आली, आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा जण गेले आणि नुसती बिनऔषधाची पुडी घेणाऱ्यांत एकही नाही, ट्रायल मधेच बंद केली. डबा घ्यायच्या आधी तुमच्या हार्टच्या डॉक्टरला लेबल दाखवा. बीपीची गोळी, जिभेखालची नायट्रेटची गोळी किंवा व्हायग्रासारखं काय घेत असाल तर तसंच, बीपी एकदम कोसळू शकतं. मुतखडा होणाऱ्यांनी पण जपून, बीटात ऑक्सलेट भरपूर असतं.

पाचपैकी दोन स्टार, एक पोट बिघडलं नाही म्हणून आणि एक स्कूप चांगला आहे, आता स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यात पडलाय. परत आणणार नाही. लक्ष्मीपुरीच्या मंडईत बीट मिळतं, पालक आणि माठाची जुडी मिळते, नायट्रेट त्यातही चांगलं असतं आणि उन्हाळ्यात कलिंगडातनं थोडं सिट्रुलिनही. तरी कुणाला डबाच पाहिजे असेल तर नायट्रेट किंवा सिट्रुलिनचा आकडा वेगळा छापलेला बघून घ्या, आणि बिनसाखरेचा संत्रा फ्लेवर नको, दुकानात सॅंपल दिलं होतं, लिंबापेक्षा वाईट आहे.