मोठा दिवाणखाना, यामाहाचा ए-एस५०१ आणि व्हार्फडेलचे लिंटन

२८ फूट लांब, १८ फूट रुंद आणि १० फूट उंच अशा दिवाणखान्यात गेले सात महिने मी यामाहाचा ए-एस५०१ हा इंटिग्रेटेड (इनपुट निवडणे, व्हॉल्यूम आणि ताकद एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प्लिफायर आणि व्हार्फडेलच्या लिंटन स्पीकरांची जोडी वापरत आहे. या दोहोंविषयी लिहिण्याआधी त्यांच्या जागी पूर्वी काय होते ते सांगणे भाग आहे, कारण ही निवड त्या चुकीतूनच झाली.

पूर्वी माझ्याकडे पाच इंची वूफरचे (खालचे स्वर काढणाऱ्या शंकूचे), ८५ डेसिबल संवेदनशीलतेचे (एका वॅटला एवढा आवाज देणारे) बुकशेल्फ, म्हणजे लहान आकाराचे, स्पीकर आणि ४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर होता. दुकानातल्या डेमोच्या लहानशा खोलीत सहा-सात फुटांवर बसून ऐकताना तो संच भरघोस वाटला होता. घरी मात्र सोफ्यापर्यंत पोहोचेतो आवाज विरून जाई, डग्ग्याचा घुमारा तर नुसता सूचित होई, म्हणून मी व्हॉल्यूम वाढवत राहिलो आणि एके संध्याकाळी उजव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे उंच स्वर काढणारा भाग, जळाला. अ‍ॅम्प्लिफायर लहान असला म्हणजे स्पीकर सुरक्षित राहतात, हा समज किती उलटा आहे ते तेव्हा कळले. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की ध्वनिलहरींचे माथे सपाट छाटले जातात, त्यातून मूळ संगीतात नसलेले उंच स्वरांश तयार होतात आणि त्यांचा सगळा भार ट्वीटरच्या केसासारख्या तारेवर येतो.

त्यानंतर मी वॅटचे आकडे बाजूला ठेवून हिशेब खोलीपासून सुरू केला. माझी बसण्याची जागा स्पीकरपासून सुमारे साडेचौदा फुटांवर आहे. स्पीकरची संवेदनशीलता १ मीटरवर मोजतात आणि उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, त्यामुळे तेवढ्या अंतरावर १३ डेसिबल गळतात. त्यातले काही दोन स्पीकर मिळून आणि भिंतींवरून परत आलेल्या आवाजामुळे भरून निघतात. लिंटनची संवेदनशीलता ९० डेसिबल आहे, म्हणजे एका वॅटमध्ये माझ्या सोफ्यावर साधारण ८० डेसिबल मिळावेत, आणि एवढा आवाज घरात ऐकायला पुरेसा असतो. मग यामाहासारखा ८५ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर कशाला? कारण संगीत एका पातळीवर चालत नाही. तबल्याची एखादी ठाम थाप किंवा वाद्यवृंदाचा एकदम उसळणारा भाग सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर जाऊ शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. एरवी एका वॅटवर निवांत चालणाऱ्या संचाला त्या क्षणापुरते १०० वॅट लागतात. ८५ आणि १०० यांतला फरक एका डेसिबलपेक्षाही कमी असल्याने त्याची मला फिकीर वाटली नाही. जुन्या स्पीकरांना याच आवाजासाठी तिपटीहून अधिक, म्हणजे ३०० वॅटच्या वर ताकद लागली असती, आणि मी त्यांना ४० वॅट देत होतो.

लिंटन हे नाव व्हार्फडेलने १९६५ साली प्रथम वापरले. माझ्याकडचे मॉडेल २०१९चे असून ते तीन-मार्गी आहे, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर तीन वेगळे भाग काढतात. ८ इंची वूफर, ५ इंची मिडरेंज आणि १ इंचाचा कापडी घुमटाचा ट्वीटर असलेले हे खोके जुन्या वळणाचे, चांगलेच रुंद आहेत, त्यामुळे नजरेआड राहणारे स्पीकर हवे असणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. मोठ्या खोलीत वूफरच्या आकाराला पर्याय नसतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट पुढे-मागे सरकावे लागते, आणि पाच इंची शंकूला ते झेपत नाही. ८ इंची शंकूचे क्षेत्रफळ त्याच्या अडीचपट असते. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येते, आणि ती ऐकण्यासाठी व्हॉल्यूमच्या बटणाकडे हात जात नाही. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, योग्य उंचीवर उभा राहतो. या स्पीकरांसाठीच बनवलेले बुटके स्टँड घेणे मात्र आवश्यक आहे.

पहिल्या आठवड्यात मला याही जोडीचा खर्ज पोकळ वाटला होता. दोष सोफ्याच्या जागेचा होता, कारण मी तो शोभेसाठी लांबीच्या बरोबर मध्यावर मांडला होता. २८ फुटांच्या लांबीत २०, ४० आणि ६० हर्ट्झच्या आसपास स्थिर लहरी (समोरासमोरच्या भिंतींमध्ये जागच्या जागी राहणाऱ्या) उभ्या राहतात, आणि त्यांतल्या २० व ६० हर्ट्झच्या लहरींचा दाब खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य होतो. सोफा ३ फूट मागे सरकवला आणि हरवलेला खर्ज परत आला. हे मी तिघांना बसवून, काय बदलले ते न सांगता ऐकवले, आणि तिघांनीही अ‍ॅम्प्लिफायर बदललास का, असेच विचारले. टाळी वाजवली की उघड्या फरशीवर उठणारा टणटणीत प्रतिसाद समोर जाड गालिचा अंथरल्यावर बराच निवला. पाठीमागच्या भिंतीपासून स्पीकर ३ फूट पुढे आहेत आणि किंचित आत वळवलेले आहेत.

अ‍ॅम्प्लिफायरविषयी सांगण्यासारखे तुलनेने थोडेच आहे, आणि ती मी त्याची थोरवी समजतो. त्यावरचे लाउडनेसचे बटण मात्र वाखाणण्याजोगे आहे. बहुतेक यंत्रांत हे बटण दाबले की खर्ज आणि वरचे स्वर एकदम फुगतात. इथे आधी व्हॉल्यूम मोठ्या आवाजावर बेतायचा आणि मग लाउडनेस हळूहळू फिरवत मधले स्वर खाली आणायचे. हलक्या आवाजात मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्याची भरपाई अशा रीतीने होते. रात्री घरातले झोपल्यावर ऐकणाऱ्याला याचे मोल कळेल. रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट आहे. ब्लूटूथ आणि नेटवर्क यंत्रात नाही, त्यासाठी वेगळा डबा जोडावा लागतो.

वायरवर अवाच्या सवा खर्च करण्याचे कारण नाही, पण जाडी पाहावी. माझ्याकडे एका बाजूला ३० फूट वायर लागली. जाण्यायेण्याचे अंतर धरता अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजलेला) ०.१३ ओहमच्या आत राहतो, तर पाऊण स्क्वेअर एमएमच्या वायरचा ०.४ ओहमवर जातो, आणि लिंटनसारख्या ६ ओहमच्या स्पीकरपुढे तो दुर्लक्षण्यासारखा नाही.

खोली मोठी म्हणून मागच्या बाजूला आणखी एक जोडी लावण्याचा मोह मलाही झाला होता. ६ ओहमच्या दोन जोड्या एकाच वेळी चालवल्या की अ‍ॅम्प्लिफायरसमोर ३ ओहमचाच भार उरतो आणि त्याला झेपेल त्याहून जास्त विद्युतप्रवाह द्यावा लागतो, शिवाय मागून येणारा आवाज समोरचे चित्र पुसून टाकतो, म्हणून तो बेत सोडला. लिंटनचा पल्ला खालच्या बाजूला ४० हर्ट्झपर्यंत सांगितलेला आहे. त्याखालचे हवे झालेच, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे सबवूफरसाठी (फक्त खोल खर्ज काढणाऱ्या स्पीकरसाठी) एक जागा अजून मोकळी आहे.