बेळगावातली रविवारची फुटबॉल लीग: कार्ड निघाल्यावर पुढं काय होतं?

टिळकवाडीच्या बाजूला टर्फवर रविवारी चालणाऱ्या एका हौशी लीगमध्ये दोन सीझन आमची टीम उतरवली, मी मॅनेजर. नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. टर्फ, लाईट, पाणी सगळं ठीक. मला लिहायचंय ते शिस्तीबद्दल, कारण आमच्या भागात चांगल्या चांगल्या टीम ह्याच्यावरूनच स्पर्धा सोडून गेलेल्या बघितल्यात.

आधीचं सांगतो. तालुक्याच्या एका गावात नॉकआऊट होती, लाल मातीचं मैदान, तिथं समोरच्या स्टॉपरनं, म्हणजे बचावातल्या खेळाडूनं, आमच्या पोराला मागनं दोन्ही पायांनी घातलं, रेफ्रीनं सरळ रेड कार्ड काढून बाहेर घालवलं, बरोबरच होतं. आम्ही ती मॅच हरलो. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल बघायला गेलो तर तोच गडी मैदानात वॉर्मअप करतोय! कमिटीला विचारलं तर म्हणे "पोरं लांबनं आल्यात, सोडा की ओ, एक मॅच खेळू देत". आमचा पोरगा घोट्याला बर्फ लावून माझ्या शेजारी बसलेला, काही बोलला नाही, पण पुढचे चार महिने प्रॅक्टिसलाच आला नाही.

1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून ही पिवळी-लाल कार्डं आहेत, आता गल्लीतल्या रेफ्रीच्या खिशात पण असतात. पण रेड मिळाल्यावर किती सामने बाहेर बसायचं हे खेळाच्या नियमांत लिहिलेलं नसतंय, ते प्रत्येक स्पर्धेनं स्वतः ठरवायचं असतंय, आणि आमच्याकडं तिथंच सगळं ढिलं पडतं.

ह्या लीगनं ते केलंय म्हणून मनापासून कौतुक. एन्ट्रीच्या वेळीच दोन पानी नियम, एका बाजूला मराठी एका बाजूला कन्नड, प्रत्येक खेळाडूची सही. रेडला कमीत कमी 1 सामना, मारामारीला 3, रेफ्रीच्या अंगाला हात लावला की सीझन संपला. रेफ्री रविवारी रात्रीच रिपोर्ट देतात, खेळाडूला बोलवून त्याचं पण ऐकून घेतात, बुधवारी निर्णय ग्रुपवर पडतो. टीम कुणाची, स्पॉन्सर कोण हे बघत नाहीत. निदान मी तरी बघितलेलं नाही.

सगळ्यात आवडलं ते वाद घालणाऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवणं. 2017 पासून इफॅबनं, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, हौशी आणि लहान पोरांच्या फुटबॉलला ह्याची परवानगी दिलीय, इंग्लंडच्या हौशी लीगमध्ये 2019-20 पासून रेफ्रीशी हुज्जत घातली की 10 मिनिटं बाहेर. वेळ एकूण सामन्याच्या 10 ते 15 टक्के ठेवायची असते, इथं मॅच 25-25 ची म्हणून 5 मिनिटं. आमचा विंगर, एकोणीस वर्षांचा, पाय वेगवान पण तोंड त्याहून वेगवान, ऑफसाईडवरून रेफ्रीला "काय बघूलालासा ओ" म्हणत अंगावर गेला. पिवळं, आणि बाहेर. टचलाईनजवळच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, पहिली दोन मिनिटं मोज्यातलं शिनगार्ड काढायचं परत घालायचं एवढंच करत होता, तेवढ्यात आम्ही गोल खाल्ला. सहाजण पळतायत आणि आपण बसलोय हे त्याला दिसलं. आत गेल्यावर पहिल्यांदा गोलकीपरला सॉरी म्हणाला. त्यानंतर सीझनभर त्याला एक पण कार्ड नाही, मी हजार वेळा समजावून जे झालं नव्हतं ते खुर्चीनं केलं.

रेफ्री बेळगावच्या कॅम्प भागातले, मराठी कन्नड उर्दू तिन्ही येतंय, त्यामुळे शिवी कुठल्या पण भाषेत घाला, सुटका नाही. भर पावसात पेन चालत नाही म्हणून पेन्सिलीनं मिनिट आणि जर्सी नंबर टिपून घेताना बघितलंय. मला स्वतःला पण पिवळं मिळालं. बेंचवरनं कुणीतरी ओरडलं, कोण ते कळलं नाही, तर तिथं असलेल्या मुख्य कोचला कार्ड जातं आणि त्या दिवशी कोचिंग मीच करत होतो. 2019 पासूनचा नियम आहे, पटला.

आता खटकलेलं. कमिटीत एकजण स्वतः टीम चालवतो आणि त्याच्या टीमची केस आली तरी तो खोलीतच बसतो, हे चुकीचं आहे, त्यानं बाहेर थांबायला पाहिजे. अपीलला 500 रुपये भरायचे, आम्ही सोमवारी भरले आणि उत्तर आलं शनिवारी रात्री साडेदहाला, सकाळी सातला मॅच, टीम कशी लावायची? आणि जाळीच्या बाहेरच्या पालकांना काहीच नियम नाही. अंडर-15 च्या मॅचला एक वडील पूर्ण वेळ लाईन्समनच्या कानाशी ओरडत होते, तो लाईन्समन स्वतः कॉलेजचा पोरगा, शेवटी झेंडा उचलायचाच बंद झाला बिचारा. अशा माणसाला गेटबाहेर काढायचा अधिकार रेफ्रीला लिहून द्या, हे मी कमिटीला दोनदा सांगितलंय, परत सांगणार.

पुढच्या सीझनची एन्ट्री आम्ही भरलीय. घोटा दुखावलेला तो पोरगा पण ह्यावेळी नाव द्यायला आला, नियमांची दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली आणि मग सही केली.