एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ डिप्लोमा: फी भरण्याआधी वाचा

पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक तिथल्या इंग्रजीच्या मॅडमना.

पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटमधून मी हा डिप्लोमा केला. सध्या उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, एअरलाइनच्या काउंटरवर आहे. फी पाऊण लाखाच्या घरात होती. आईनं बचत गटातून कर्ज काढून भरली. आमच्याकडच्या कितीतरी मुली याच जाहिराती बघून चौकशी करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळंच वाया गेलं असं नाही. ए, बी, सी ही अक्षरं नीट ऐकू यावीत म्हणून म्हणायचे अल्फा, ब्राव्हो, चार्ली हे शब्द घोकून घेतले, ते वॉकीटॉकीवर रोज लागतात. विमानतळांचे कोडही पक्के झाले: कोल्हापूर केएलएच, बेळगाव आयएक्सजी, गोव्याचे दोन, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. टॅगवर एक अक्षर चुकलं की बॅग भलतीकडे जाते. मॅडमनी पुन्हा पुन्हा अनाउन्समेंट करायला लावून माझी भीड मोडली, ते ऋण मोठं आहे.

पण चेक-इनचं सॉफ्टवेअर आम्ही फक्त स्लाइडवर पाहिलं. मेकअप आणि अंबाड्यावर मात्र तास न् तास गेले. शिवाय शिकवलं ते सगळं मोठ्या विमानतळाचं, जिथं काउंटरला वेगळी माणसं आणि गेटला वेगळी. लहान ठिकाणी आम्हीच चेक-इन करतो, सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद करून गेटवर पळतो, बोर्डिंग करतो, आणि आलेल्या विमानातली कुणाची बॅग सापडली नाही तर तक्रारही आम्हीच लिहून घेतो.

पावसाळ्यात ढग खाली आले की विमान घिरट्या घालून परत जातं आणि एटीआरचे, म्हणजे छोट्या पंख्याच्या विमानाचे, सत्तरेक प्रवासी काउंटरवर येतात. तेव्हा डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम तोंडपाठ लागतात. कमी पल्ल्याच्या विमानाला दोन तास उशीर झाला तर खाणं-पाणी. सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. हवामानामुळे रद्द झालं तर रोख भरपाई नाही. यातलं अक्षरही कोर्समध्ये नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीला गारगोटीकडचे एक आजोबा आले, लेकाकडे हैदराबादला निघालेले. बॅग वीस किलो, मर्यादा पंधराची. मी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, ते नुसते बघत राहिले. शेजारची सीनियर ताई म्हणाली, "आजोबा, गुळाची ढेप हातातल्या पिशवीत घ्या. मसाला राहू दे आतच, तिखट हातातल्या सामानात चालत नाही." पाच किलोची ढेप बाहेर आली, काम झालं. जादा वजनाचे पैसेही वाचले. असं एकही उदाहरण वर्गात कुणी दिलं नव्हतं.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूच्या तारखा व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या एअरलाइनच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. माझ्या इंटरव्ह्यूत डिप्लोमाचं सर्टिफिकेट कुणी उघडलंही नाही. बारावीची मार्कलिस्ट पाहिली आणि बोलायला लावलं. धोकादायक सामानाचं आणि सुरक्षेचं ट्रेनिंग निवड झाल्यावर कंपनीनंच दिलं. एअरपोर्ट एंट्री पाससाठी पोलीस पडताळणी होते, त्यातही इन्स्टिट्यूटचा काही संबंध नाही.

इंग्रजी-हिंदी बऱ्यापैकी येत असेल तर आधी दोन-तीन वॉक-इन देऊन बघा. तरीही कोर्स करायचाच असेल तर गेल्या बॅचमधल्या, आत्ता काउंटरवर असलेल्या मुलींचे नंबर मागा. नंबर दिले नाहीत तर पैसे भरू नका.