नॉरफोकच्या शेतमजुरांचा माग: जनगणना आणि पॅरिशच्या वह्या नऊ महिने वापरल्यानंतर

इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीतल्या शेतमजूर घराण्यांचा माग काढण्यासाठी नऊ महिने वापरलेली साधनं अशी: फॅमिलीसर्च (वंशावळीच्या नोंदींचं फुकट संकेतस्थळ), फ्रीबीएमडी (जन्म-लग्न-मृत्यूच्या सूचीचे फुकट उतारे), फ्रीसेन (जनगणनेचे फुकट उतारे), इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची म्हणजे जीआरओची सूची, आणि मधले दोन महिने एक सशुल्क संकेतस्थळ. मत आधीच सांगायचं तर १८५१ पर्यंत मागे जाणं सोपं आहे, १८१३ पर्यंत जमतं, त्याच्या मागे एकेका नोंदीसाठी झगडावं लागतं. आणि घात करणारी चूक सगळीकडे एकच: सूचीत नाव जुळलं की तोच आपला माणूस, असं धरून चालणं.

सुरुवात १९११ च्या जनगणनेपासून करावी. १९२१ ची आता खुली आहे, पण १९११ ची माहिती अधिक कामाची. घरच्यांनी स्वतःच्या हातानं भरलेला तक्ता त्यात तसाच पाहायला मिळतो. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती हयात, किती गेली, हे सगळं तिथे आहे. सात जन्मली आणि पाच हयात असं असेल, तर उरलेल्या दोघांची नावं जीआरओच्या सूचीतून काढायची. जुन्या तिमाही सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. जीआरओच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून दिलेलं आहे. हा फरक फार मोठा आहे. आडनाव, माहेरचं आडनाव आणि नोंदणी जिल्हा घालून शोधलं की भावंडांची अख्खी रांग समोर येते. मात्र नोंदणी जिल्हा म्हणजे गाव नव्हे. डॉकिंग किंवा स्वॉफम या एका नावाखाली आसपासची अनेक खेडी येतात.

१८५१ ते १९०१ या जनगणनांत कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा आणि जन्माची पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) मिळते. इथे नॉरफोकची गावं चांगलीच चकवतात. प्रगणक कानावर पडेल तसं लिही. कागदावर ‘हॅपिसबर्ग’ असलेल्या गावाचा उच्चार ‘हेझ्बरो’, ‘वायमंडहॅम’चा ‘विंडम’, ‘कॉस्टेसी’चा ‘कॉसी’. त्यामुळे एकाच माणसाचं जन्मगाव तीन जनगणनांत तीन तऱ्हांनी दिसतं. नुसतं ‘बर्नम’ लिहिलं असेल तर बर्नम मार्केट, थॉर्प, ओव्हरी, नॉर्टन आणि डीपडेल हे सगळे दरवाजे ठोठवावे लागतात. घर सोडून लांब गेलेला माणूस खेड्याऐवजी जवळच्या बाजारगावाचं नाव सांगतो, हेही ध्यानात ठेवावं. सगळ्या जनगणनांतली जन्मगावं एका कागदावर ओळीनं मांडावीत. जी जनगणना त्या गावाच्या सर्वांत जवळ राहत असताना झाली, तिच्यावर जास्त विश्वास टाकावा.

घर सापडत नसेल तर आडनावाची चौकट रिकामी ठेवावी आणि पहिलं नाव, अंदाजे जन्मवर्ष, जन्मगाव एवढ्यावर शोधावं. उतारा करणाऱ्यानं पहिलं अक्षर चुकीचं वाचलेलं असतं, असं वारंवार आढळतं. सापडल्यावर उताऱ्यावर थांबू नये, मूळ पान उघडावं आणि मालिका, पीस (मालिकेतला गठ्ठा), फोलिओ (गठ्ठ्यातला कागद), पान हे चारही आकडे लिहून घ्यावेत. १८८१ ची मालिका आरजी ११ आहे. १८४१ आणि १८५१ ची एचओ १०७.

१८४१ ची जनगणना वेगळीच. नातं दिलेलं नाही, आणि जन्म त्याच काउंटीतला की नाही एवढंच विचारलेलं आहे. १५ च्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची, असा प्रगणकांना आदेश होता. तिथे ३५ दिसलं तर जन्म १८०१ च्या जूनपासून १८०६ च्या जूनपर्यंत कधीही झालेला असू शकतो. आदेश सगळ्यांनी पाळला असंही नाही.

इथून पुढे पॅरिशच्या वह्या, म्हणजे चर्चनं ठेवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी. १८१३ पासून बाप्तिस्म्याची छापील वही आली: मुलाचं नाव, आईबाप, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. त्याआधीच्या नोंदीत बहुतेक वेळा नुसतं ‘जॉन, विल्यम व मेरी यांचा मुलगा’ एवढंच. त्या पॅरिशमध्ये दोन चुलतभाऊ विल्यम असले आणि दोघांच्याही बायका मेरी, तर अवघड होतं. अशा वेळी त्या आडनावाची प्रत्येक बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची नोंद उतरवून कुटुंबं वेगळी मांडण्याला पर्याय नाही. हे काम कंटाळवाणं आहे, तरी करावंच. दफनाची वही आधी पाहावी, कारण ज्याचं नाव जुळलं ते बाळ तीन आठवड्यांचं असतानाच गेलेलं असू शकतं आणि तेच नाव पुढच्या बाळाला दिलेलं असतं. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, हेही पक्कं धरावं. एकाच दिवशी चार भावंडांचा बाप्तिस्मा झाल्याच्या नोंदी भेटतात.

लग्नाच्या नोंदी १७५४ पासून सुधारतात. वधूवरांची सही किंवा फुली, आणि साक्षीदारांची नावं. साक्षीदार पुष्कळदा भाऊबहीण असतात. लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये वाचली जाणारी घोषणा म्हणजे बॅन्स. वधूवर दोन पॅरिशमधले असतील तर ती दोन्हीकडे वाचली जाई, म्हणून नवरदेवाच्या गावच्या वहीत नवरीचं गाव सापडतं.

नोंद नसण्याची कारणं ठरावीक आहेत. वही भिजलेली किंवा हरवलेली असेल, तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल पाहावी. तिच्यात कधी वहीपेक्षा एखादा शब्द जास्तही असतो. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ. त्यामुळे त्या काळात काही बाप्तिस्मे पुढे ढकलले गेले. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून फेब्रुवारी १७४० अशी नोंद आपल्या हिशेबानं १७४१ ची. ती १७४०/४१ अशीच लिहावी.

वह्या संपल्या की गरीब कायद्याचे, म्हणजे पॅरिशनं गरिबांना द्यायच्या मदतीचे कागद. १८३४ पूर्वी मदत मागणाऱ्या मजुराची वसतिहक्कासाठी, म्हणजे मदतीची जबाबदारी कोणत्या पॅरिशची हे ठरवण्यासाठी, चौकशी होई. जन्म कुठे, कोणत्या मालकाकडे पूर्ण वर्ष चाकरी केली, मजुरी किती, लग्न कुठे, हे सगळं दोन न्यायाधीशांपुढे शपथेवर. मजुराच्या तोंडून आलेलं आयुष्य असं दुसऱ्या कुठल्याच कागदात सापडत नाही. हे टिकले असतील तर नॉर्विचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्ये पॅरिशच्या पेटीत असतात. बरेचसे ऑनलाइन नाहीत, पण कार्यालयाच्या कॅटलॉगमध्ये गाव घालून पाहावं.

खर्चाचं म्हणाल तर आधी फुकटची साधनं पूर्ण वापरा. फॅमिलीसर्चवर १८८१ ची सूची आणि नॉरफोकच्या अनेक वह्यांची पानं आहेत. सूचीत नसलेलं पान एकेक उलटून पाहता येतं. ‘पाहायचं आहे’ अशी यादी वीस-पंचवीस नोंदींची झाली की मगच एक महिन्याचं सदस्यत्व घ्या आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी आधी गावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारावं, तिथे सशुल्क संकेतस्थळं बसून फुकट पाहता येतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशे आहेत. शेजारची पॅरिश किती जवळ होती, हे त्यांशिवाय कळत नाही.

जनगणनेत एखाद्या मुलाचं जन्मस्थान ‘पूना’ किंवा ‘खडकी’ दिसलं, तर बाप बहुधा पलटणीत होता. मग पॅरिशची वही सोडून ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांकडे वळावं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिथे एन/३ या मालिकेत आहेत.