चिऱ्याच्या घराला बाहेरून गिलावा: पहिल्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

दोन थरांचा सँडफेस (वरून वाळूसारखा खरखरीत) गिलावा कसा असतो, पहिला थर किती जाड आणि माल किती प्रमाणाचा, हे घर बांधलेल्यांना सांगायची गरज नाही. मला लिहायचंय ते पाणी तुटावं म्हणून छज्ज्याच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, मारतात त्या खाचेबद्दल. जेमतेम १०-१२ मिमीची खाच. आमच्या पश्चिमेच्या भिंतीत दोन खिडक्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या छज्ज्याला ती आहे, बेडरूमच्या छज्ज्याला नाही. ऑगस्टात बेडरूमची भिंत खिडकीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत आतून फुगली आणि पुट्टीचे पापुद्रे हातात आले. स्वयंपाकघराची भिंत आजही कोरडी ठणठणीत आहे. भिंत एकच, सिमेंट एकच, वाळू एकाच ढिगातली, वॉटरप्रूफिंगचं द्रव्य एकाच कॅनमधलं. फरक फक्त खाचेचा.

घर रत्नागिरी तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं. इथे वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा वाऱ्यासकट पश्चिमेकडून आडवा येतो. चिरा सच्छिद्र. झड लागली की पाणी पिऊन बसतो आणि पावसाळा सरला तरी लवकर सोडत नाही. म्हणूनच आमचे मिस्त्री गणपतीनंतर लगेच काम धरायला तयार नव्हते. "काका, दसऱ्याआधी मी थापी लावनार नाय. भिंत अजून वली हाय, वरून बंद केलीत तर आतलं पाणी जाईल कुठं?" तेव्हा उशीर नको वाटत होता, कारण भिंती उघड्या होत्या. पण त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. ओल अडकली की तिच्याबरोबर क्षार वर येतात आणि नव्या रंगाखाली लोणा फुटतो.

काम दिवाळीच्या पुढेमागे झालं. कोकणात तोच काळ बरा, असं माझं ठाम मत आहे. पाऊस गेलेला असतो, विहिरीला पाणी असतं, ऊन अजून भाजत नसतं आणि पहाटे दव पडतं. हेच काम एप्रिलात काढलं असतं तर पाणी मारायला टँकर मागवावा लागला असता. इतक्या पावसाच्या मुलखात गिलाव्यासाठी पाणी विकत घ्यायचं, हे माझ्या जिवाला पटत नाही. आणि पाण्यात काटकसर केली की गिलावा हमखास जातो. दुकानात मिळणारं सिमेंट आता बहुतेक फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेलं असतं, त्याला ताकद यायला वेळ लागतो. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १० दिवस पाणी मारायला सांगतं. हवा कोरडी नि गरम असेल तर अनुक्रमे १० आणि १४. गिलाव्याचा थर तर काँक्रीटपेक्षा कितीतरी पातळ, तो लवकर सुकतो. आम्ही भिंतीवर गोणपाटं सोडली होती, म्हणजे पाणी मारल्यावर ओल टिकायची.

मिस्त्रींची आणखी एक पद्धत मला फार आवडली. पश्चिमेची भिंत ते सकाळी घ्यायचे, तिच्यावर ऊन दुपारनंतर येतं म्हणून. पूर्वेची दुपारनंतर. ओल्या गिलाव्यावर थेट ऊन पडू द्यायचं नाही, एवढाच हिशेब. आदल्या संध्याकाळी चिरा भिजवायचा, नाहीतर तो मालातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा नुसता चिकटल्यासारखा राहतो, धरत नाही. बीम आणि चिरा जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल अशी जाळी ठोकली होती, त्या रेषेवर आजही तडा नाही.

मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर मी मात्र वाळूवर खापर फोडलं असतं. रंग द्यायच्या आधी पश्चिमेच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले. आमच्याकडे नदीची वाळू परवडली नाही आणि खाडीची मिठामुळे नको होती, म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणली होती. तिच्यात भुकटी जास्त असली की गिलावा आकसतो आणि असे तडे येतात, हे खरंच आहे. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी ढवळून ठेवलं तर वर बसणाऱ्या गाळाच्या थरावरून अंदाज येतो. पण आता माझं मत बदललंय. नख अडकत नाही इतके ते तडे, बाहेरच्या ॲक्रिलिक रंगाखाली बुजले. पूर्ण पावसाळाभर झडीचा मारा खाऊन दोन्ही खिडक्यांच्या मधला भाग आतून कोरडा राहिला. म्हणजे वाळूही चालली आणि गिलावाही.

पाणी आलं ते छज्ज्यावरून. पावसाचं पाणी छज्ज्याच्या कडेवरून उतरतं, पण सगळं खाली पडत नाही; थोडं कडेला चिकटून पोटाखालून मागे सरकतं आणि भिंतीला जाऊन मिळतं. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यात तासन्‌तास पाणी राहिलं की चिरा ते पिणारच. पोटाला कडेजवळ खाच असेल तर पाण्याला ती ओलांडता येत नाही, पागोळी तिथेच तुटते. ऑगस्टात टॉर्च घेऊन मी दोन्ही छज्ज्यांखाली उभा राहिलो तेव्हा एकाचं पोट मागून कोरडं होतं, दुसऱ्याचं चमकत होतं.

स्वयंपाकघराची बाजू मिस्त्रींनी स्वतः केली होती. ते घरच्या कार्याला गेले तेव्हा कंत्राटदाराने बेडरूमकडे दुसरी माणसं लावली. त्याला दाखवलं तर म्हणे, गिलाव्याच्या ब्रासच्या (शंभर चौरस फुटांच्या) दरात खाच येत नाही, ती रनिंग फुटावर वेगळी. मग आधी सांगायचं ना! स्वयंपाकघराकडच्या खाचेचे पैसे त्याने मागितले नव्हते, कारण ती मिस्त्रींनी कुणी न सांगता ओढली होती. ओल्या मालात पट्टी दाबून खाच ओढायला लागतो तो वेळ किती? आणि आता पुट्टी, रंग, परांची, मजुरी हे सगळं माझ्या खिशातून. याचा राग मला अजून आहे.

वाळल्यावर ग्राइंडरने खाच पाडायला मी तयार झालो नाही. छज्ज्याच्या खालच्या बाजूला सळीवरचं काँक्रीटचं आवरण मुळातच कमी असतं, पातं सळीपर्यंत गेलं तर गंज आत शिरणार. त्याऐवजी कडेपासून दीड इंच आत ॲल्युमिनियमची एल पट्टी सीलंटने चिकटवली. सप्टेंबरच्या सरींत तिने काम केलं. सीलंट किती वर्षं टिकतं ते बघायचंय, दर मे महिन्यात तपासत राहीन.

बाकी देखभाल फार नाही. मे महिन्यात छज्ज्यांवरचा पालापाचोळा काढायचा, पाइपांची तोंडं मोकळी करायची. जोत्यावर लाल मातीचे शिंतोडे उडतात तिथे पागोळीच्या रेषेत खडी टाकली, त्याने शिंतोड्यांचा पट्टा निम्म्याने कमी झाला. शेवाळ ताठ ब्रशने काढावं. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने सँडफेसचे कण उडतात. लोणा दिसला तर कोरडा झाडायचा, धुवायचा नाही, धुतला की क्षार परत आत जातात. नवरात्रात भिंत लाकडी मुठीने ठोकून बघितली. एका कोपऱ्यात बद्द आवाज आला, म्हणजे तिथे गिलावा सुटलाय, तेवढा भाग चौकोनी काढून पुन्हा भरायचा आहे, पण चिरा पुरता सुकल्यावर.

उत्तरेची भिंत अजून उघडी आहे. या दिवाळीनंतर तिचं काम आहे, मिस्त्रींना थेट सांगितलंय, मधे कंत्राटदार नाही. कागदावर पहिली ओळ खाचेची लिहिली आहे: प्रत्येक छज्जा, प्रत्येक खिडकीची बाहेर आलेली पाटी, गच्चीच्या कठड्याची बाहेरची कड. दर त्याच्यासकट.