केबलचा डबा की फ्री डिशची छत्री?

केबल डिजिटल करायची सरकारी सक्ती सोलापुरात दुसऱ्या टप्प्यात आली. ३१ मार्च २०१३ ही ३८ शहरांची मुदत होती, त्यात आपलं नाव होतं. टीव्हीत थेट खोचलेल्या वायरीच्या मधे डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, आला आणि चित्रातल्या मुंग्या गेल्या. सहा वर्षं मी तो डबा वापरला, मग गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत सेवेची छत्री, म्हणजे डिश अँटेना, बसवली. खाजगी डीटीएच मोजलंच नाही. छत्रीही लावायची आणि दर महिन्याला रिचार्जही, हे मला पटलं नाही.

चित्राबद्दल डब्यावर माझा राग नव्हता. राग लाइटचा. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मे महिन्यात रात्री लाइट गेली तरी पंखा फिरतोय, टीव्ही चालू, डब्याचा हिरवा दिवाही चालू, आणि पडद्यावर मात्र ‘नो सिग्नल’. केबलचा सिग्नल वाटेत तो वाढवणाऱ्या अँप्लिफायरमधून येतो आणि आमच्या अँप्लिफायरला वीज पलीकडच्या गल्लीतल्या एका दुकानातून दिलेली होती. दुकानदार शटर ओढताना कधीकधी मेन स्विचच पाडून जायचा. मग लाइट असूनही अख्खी गल्ली अंधारात, म्हणजे टीव्हीपुरती. केबलवाल्या पोराला फोन केला की, “काका, पाच मिनिटांत येतो.” माझा टीव्ही तिसऱ्याच्या स्विचवर चालतो, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही.

पैशांचं म्हणाल तर २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले. हव्या त्याच वाहिन्या घ्या, असं धोरण, ऐकायला झकास. वही घेऊन बसलो. नुसत्या जोडणीचेच १३० रुपये, वर जीएसटी, म्हणजे १५३ तिथेच गेले. आवडीच्या मराठी वाहिन्या टिपत गेलो तर बिल आधीपेक्षा जास्त. छत्रीला मला एकदाच दोनेक हजार लागले, पुढे महिन्याचं काही नाही.

पावसात छत्री दगा देते, हे खरं. आभाळ काळं झालं की चित्राचे ठोकळे पडतात. पण सोलापूरचा पाऊस तो किती! वर्षातून मोजक्या संध्याकाळी माझा टीव्ही अडला असेल. क्रिकेटवाल्यांना आणखी एक: भारताचे महत्त्वाचे सामने खाजगी वाहिन्यांनी दूरदर्शनला द्यावेच लागतात, पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो फुकटचा सिग्नल केबलवरच्या दूरदर्शनला मिळत नाही, फ्री डिशला मिळतो.

छत्री सगळ्यांनाच घ्या म्हणणार नाही. फ्री डिशवर खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात, त्यामुळे आज लागलेली मालिका उद्या गायब होऊ शकते. अशोक चौकाकडे राहणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या माझ्या मित्राने डबाच ठेवला. त्याच्या आईच्या मालिका छत्रीवर नाहीत, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

आणि गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची. नंदीध्वजांची मिरवणूक लोकल केबलवर दिसते, छत्रीवर नाही. अक्षता सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्यावरची गर्दी आईला आता झेपत नाही. त्या दिवशी ती खालच्या मजल्यावर धाकट्या भावाकडे जाऊन बसते. त्याने डबा काढलेला नाही. सकाळीच मी त्या दुकानदाराला सांगून येतो, आज मेन स्विचला हात लावू नका.